काळ्याच्या जरा अलीकडे

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काचवालीला ठेवलं होतं काचा धुवायला. यंत्र चालवायला ती शिकली बघून बघून आणि बोलणी खाऊन. काचेवर सोन्याचा पातळ थर, थरावर विष पकडणारे ठिपके. प्रकाश ठरावीक कोनातून मारला की सोनं तो गिळतं, यंत्राच्या पडद्यावरचं चित्र काळं पडतं. ठिपक्याला विष चिकटलं की तो कोन किंचित सरकतो. साहेब यंत्र लावायचे नेमकं काळ्याकुट्ट कोनावर. तिथे थोडं विष दिसतच नाही. काचवालीने वर्षभर वहीत एकेक कोन टिपून काढला होता : काळ्याच्या जरा अलीकडे थांबलं, तर तेवढ्याच विषाने ठिपका ढळढळीत उजळतो. साहेब म्हणाले होते, तुम्ही काचा धुवा.

वस्तीच्या बोअरचं पाणी पिऊन दोन माणसं मेली. अहवाल दोनदा 'निर्दोष' गेला होता. तिसरा आज दुपारी जायचा होता. सकाळीच तिने कोन सरकवला, आधी शुद्ध पाण्याचं चित्र काढलं आणि मग बोअरचं पाणी सोडलं.

तेवढ्यात, घरातून कुणकुण लागलेला तिचा दीर दोन माणसं घेऊन घुसला. हा कारखान्याच्या विषारी सांडपाण्याचा टँकर चालवायचा आणि बोअरमागच्या खड्ड्यात रिकामा करायचा. हातात लोखंडी गज. यंत्रापासून बाजूला हो, म्हणाला.

"टँकर ओतताना हात थरथरला नाही, भावजी. आता का थरथरतोय?"

गज मनगटावर बसला. हाड काटकीसारखं मोडलं. दुसरा तोंडावर. बाटल्या फुटल्या, काचा पायाखाली करकरल्या. ती यंत्रावर पालथी पडली. ओढायला आलेल्या दिराचा अंगठा तिने दातांत धरला, हाडापर्यंत. तो सुटला तेव्हा तिचे दोन दात घेऊनच सुटला. डाव्या हाताने तिने बटण दाबलं. आठ ठिपक्यांपैकी पाच पुवाळलेल्या फोडांसारखे पांढरे उठले.

आवाज ऐकून धावत आलेल्या पहारेकऱ्यांनी तिघांना आडवं पाडलं, तेव्हा साहेब कपाटामागून बाहेर आले. आधी दवाखान्यात चला, म्हणू लागले. तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. एक कोरं काळपट, एक फोडांनी भरलेलं. डाव्या हाताने तिने 'विष आहे' लिहिलेला अहवालाचा कागद रक्ताने भिजत होता.

"सही करा, साहेब. दात माझे पडलेत, डोळे तुमचे शाबूत आहेत."

साहेबांनी सही केली. पेन दोनदा खाली पडलं.

बोअरला कुलूप लागलं तेव्हा दवाखान्यात तिचं हाड बसवत होते. तिने डॉक्टरला अशी शिवी हासडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.