सगळ्यांना चालेल असं

इस्पितळात माझ्या आत्याला कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे ती पथ्यबाई. तीनशे चाळीस खाटांवर कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं आणि काय चुकूनही द्यायचं नाही, हे ती ठरवते. गेली बावीस वर्षं तिचं हेच काम आहे.

आमच्याकडे जेवायला आली तरी आधी तिची नजर दुसऱ्यांच्या ताटांवरून फिरते. बाबांचा मिठाकडे निघालेला हात वाटेतच थांबतो.

"ताई, मी काय तुझ्या वॉर्डात आहे का?" बाबा विचारतात.

"अजून नाही," ती म्हणते.

वर्षअखेरची मोठी सुट्टी जवळ आली की ती कमी बोलायला लागते. त्या दिवसांत निम्मे कर्मचारी रजेवर असतात. ज्यांना घरी सोडता येत नाही असेच रुग्ण मागे उरतात, आणि त्यांनाही त्या दिवशी काहीतरी वेगळं खावंसं वाटतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती पेन्सिलीने यादी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. एकाला साखर चालत नाही, दुसऱ्याला गहू. कुणाला शेंगदाण्याच्या वासानेही घसा सुजतो, कुणाला चावताच येत नाही. घोंगडं एकाच्या अंगावर ओढावं तर दुसऱ्याचे पाय उघडे पडतात. आठवडाभराने कागद इतका झिजतो की पलीकडच्या तारखा दिसायला लागतात.

सगळ्यात अवघड किडनी वॉर्ड. अकराच माणसं, पण त्यांना मीठ नाही, फळं नाहीत, डाळ मोजून, पाणीसुद्धा मोजून. तिथे एक जुने रुग्ण आहेत. हयात तिकीट खिडकीमागे गेली म्हणून सगळे त्यांना तिकीटमास्तर म्हणतात. मागच्या सुट्टीला शेजारच्या वॉर्डात वाफाळत्या जेवणाची गाडी गेली, तेव्हा आपल्या ताटाकडे बघत ते म्हणाले होते, "बाई, आमच्या ताटावर झाकण कशाला घालता? आत काय आहे ते सगळ्या जगाला ठाऊक आहे."

वॉर्ड हसला. आत्याही हसली. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही.

म्हणून यंदा तिने ठरवलं होतं की त्या दिवशी सगळ्यांचं ताट सारखं दिसेल. भात, सूप, बटाटे, कस्टर्ड. स्वयंपाकघराच्या फळ्यावर तिने स्वतःच लिहिलेला एक नियम होता : ज्याचं पथ्य सगळ्यात कडक, त्याला चालेल ते सगळ्यांना चालतं. त्या नियमावरच तिने सगळं बेतलं. किडनीवाल्यांना बटाटा एरवी वर्ज्य, कारण त्यात पोटॅशियम फार. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि चालतं हृदय बंद पाडू शकतं. पण बटाटे पातळ कापून, रात्रभर भिजवून, दोनदा पाणी बदलून उकडले की बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं. मग एक वाटी चालते. डॉक्टरांची परवानगी तिने लेखी घेतली होती.

हृदयाच्या वॉर्डातल्या चौदा जणांसाठी वेगळं मीठ मागवलं होतं. साध्या मिठाऐवजी वापरायचं ते, निळ्या झाकणाच्या बरणीतलं. मुख्य आचाऱ्याला ते पटेना. हा माणूस हाताखालच्यांना रांगेत उभं करून कांदे कापायला लावतो, म्हणून त्याचं नाव जनरल पडलंय.

"मीठ बंद आणि मीठ घाला, दोन्ही एकदम?" त्याने विचारलं.

"घाला हो बिनधास्त. साध्या मिठातला दोष यात नाही."

ती घाईत होती. शेंगदाण्यांची पोती दुसऱ्या खोलीत हलवून घ्यायची होती.

सुट्टीच्या दिवशी बाराला दहा कमी असताना गाड्या निघाल्या. सकाळपासून ती साखर नसलेल्या कस्टर्डच्या वाट्या मोजत होती, त्यामुळे एरवी गाड्या निघण्याआधी होणारं तिचं चाखणं मागे पडलं. रिकाम्या होत आलेल्या पातेल्यांपुढून ती एकेक चमचा घेत गेली. शेवटी किडनी वॉर्डाचं पातेलं होतं. त्यावर तिच्याच अक्षरातलं कार्ड : मीठ नाही.

बटाटा चवीला छान लागला. मागाहून जिभेच्या कडेला बारीकसा कडवटपणा आला.

तिने पुन्हा चाखलं. "जनरल, यात काय घातलंत?"

"चिमूटभर निळ्या बरणीतलं," तो खुशीत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून, "चिमूट म्हणजे, दोन चमचे असेल. आजच्या दिवशी माझ्या हातचं अळणी जाऊ द्यायचं का? तुम्हीच तर शिकवलंत, कडक पथ्यवाल्याला चालतं ते सगळ्यांना चालतं. हार्टवाल्यांचं मिठाचं पथ्य कडक, त्यांना हे चालतं, मग यांना काय झालं?"

त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम होतं. जे काढून टाकायला बटाटे रात्रभर पाण्यात ठेवले होते, नेमकं तेच.

वॉर्डाचा फोन कुणी उचलेना. लिफ्ट गाडी घेऊन वर गेलेली. आत्या चोपन्न वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा कुरकुरतो. ती तीन मजले चढून गेली. ते जिने तिला आठवत नाहीत; वॉर्डाच्या दारातून ऐकू आलेला चमच्यांचा आवाज तेवढा आठवतो.

"बटाटा कुणी खाऊ नका."

आवाज थांबला. सिस्टर औषधांची ट्रॉली सोडून पुढे आल्या. चौघांनी अजून हात लावला नव्हता. सहा जणांनी घास-दोन घास घेतले होते. तिकीटमास्तरांची वाटी मात्र चाटूनपुसून साफ होती.

"बाई, यंदा मानलं तुम्हाला," ते म्हणाले.

"किती खाल्लंत?"

"वाटीभर. आणि शेजाऱ्याची अर्धी. त्याला भूक नव्हती." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मान हलवली.

आत्या खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिली. "मास्तर, चूक झालीय. तुम्हाला चालत नाही ते मीठ त्यात पडलंय. चूक माझी आहे."

त्यांनी रिकामी वाटी उचलून आत बघितलं. "तरीच," एवढंच म्हणाले.

मग सगळं भराभर झालं. ड्युटीवरच्या डॉक्टर आल्या, माझ्याच वयाच्या असतील असं आत्या म्हणते. सातही जणांचं रक्त घेतलं, मास्तरांच्या छातीला तारा लावल्या. रिपोर्टला पाऊण तास लागणार होता. आत्या त्यांच्या खाटेपाशी स्टुलावर बसली आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत राहिली. रेघ जरा लांबली की ती मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघे.

"तुम्ही अशा बघू नका," मास्तर म्हणाले. "गाडी येणार की नाही विचारायला खिडकीशी लोक यायचे, ते असेच बघायचे."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"येतेय म्हणायचो. आम्हाला तरी कुठे माहीत असायचं."

सहा जणांचे रिपोर्ट ठीक आले. मास्तरांचा पोटॅशियमचा आकडा सकाळी पाच होता, तो सहाच्या वर गेला होता. उद्याचं डायलिसिस आत्ताच करावं लागेल, डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी एक इंजेक्शन दिलं. पण मशीन लावणारा माणूस सुट्टीवर होता. त्याला घरून बोलावलं; यायला चाळीस मिनिटं लागतील म्हणाला. तो आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. मास्तरांना पलीकडे मशीनच्या खोलीत नेलं, आत्या स्टूल घेऊन मागोमाग गेली. मशीन घरघरायला लागलं, नळीतून लाल रंग पुढे सरकला, तेव्हा कुठे आत्याने स्टुलाची कड सोडली.

"अजून इथेच?" मास्तर म्हणाले. "त्या दहा जणांचं काय? त्यांच्या भरल्या वाट्या उचलून नेल्यात. खाली जा."

खाली जनरल चुलीपासून लांब, हात पुसत उभा होता. कोरडेच हात.

"वाचतील ना?" त्याने विचारलं.

"माहीत नाही अजून. भिजवलेले बटाटे उरलेत का?"

थोडे उरले होते. दोघांनी मिळून ते पुन्हा उकडले. त्याने लिंबाचे थेंबसुद्धा तिला विचारून, तिच्यासमोर मोजून घातले. निळी बरणी तिने कपाटात बंद केली. मग फळ्यावरचा आपला नियम ओल्या फडक्याने पुसला. बावीस वर्षांचा खडू सहजी जाईना, फडकं दोनदा पिळावं लागलं. त्या जागी नवीन काय लिहावं ते तिला सुचलं नाही.

चार वाजता ती स्वतः ताटं घेऊन वर गेली. दहा जणांनी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने एका वाटीतला तुकडा उचलून खाल्ला, तेव्हा चमचे हलले.

"मला?" पलीकडच्या खोलीतून, मशीनला जोडलेल्या मास्तरांचा आवाज आला.

"तुम्हाला नाही."

"मग कसा झालाय ते तरी सांगा रे कुणी."

शेजारच्या म्हाताऱ्याने घास घोळवला. "दुपारचा जास्त चांगला होता," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मग सिस्टरच हसल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवून मशीनच्या खोलीकडे वळल्या.

मशीन बंद झाल्यावर दुसरं रक्त घेतलं. ते खाली गेलं, तशी आत्याही उतरून प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली. काचेपलीकडची मुलगी कागद हातात घेऊन फोनवर बोलत होती, हसत होती. ते हसणं कागदाचं की फोनचं, हे आत्याला कळेना. शेवटी खिडकीतून कागद बाहेर आला. चार पूर्णांक एक.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा सगळी पातेली घासून पालथी घातलेली होती. जनरल तसाच बसून होता.

"चारवर आलाय," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे उद्या त्यांचं जेवण आपल्यालाच करायचंय."

त्याने उठून एक पालथं पातेलं सरळ केलं. मग विचारलं, "अळणी?"

"अळणी."