लिनक्सने केलेले भाषांतर

मी, वामन सीताराम डेहणकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार आर्वी. शालेय शिक्षण सातवीपर्यंत. उर्वरित विद्या वाचनालयाच्या कपाटांतून स्वतः संपादन केली. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानंतर आपण यावर विश्वास ठेवाल असे वाटत नाही.

माझ्या संगणकाने कळवले की त्याच्या विंडोजला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत, आणि नवी आवृत्ती या जुन्या यंत्रास पेलणार नाही. सून वैशाली म्हणाली, "मामाजी, लिनक्स टाकू. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. पटलं तं ठेवू, नाई तं आपलं विंडोज हाये तसंच."

मी संभ्रमात पडलो. बारा वर्षे खपून टंकलिखित केलेला आर्वीच्या कापूस बाजाराचा इतिहास त्या यंत्रात होता. त्याचे काय होणार? म्हणून लिनक्स सुरू होताच प्रथम तीच फाइल उघडली. पाहतो तो काय, संपूर्ण ग्रंथ इंग्रजीत!

आता आपणच सांगा, मी काय समजावे? हल्ली संगणक भाषांतर करतात, असे वर्तमानपत्रात वाचले होते. शब्द मात्र एकही ओळखीचा नव्हता. शब्दकोश काढला, त्यातही सापडला नाही. इंग्रजी फार वरच्या दर्जाची असावी, असा मी निष्कर्ष काढला.

इतक्यात भाजीपाल्याची शेती करणारे माझे मित्र गुलाबराव आले.

"अण्णाजी, काय वाचून राह्यले?"

"माझ्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर."

"तुमाले समजते हे?"

येथे 'नाही' म्हणावयास हवे होते. मी म्हणालो, "अर्थात."

"मंग मलेही सांगा ना."

मूळ मजकूर मुखोद्गत होता. पडद्यावर बोट फिरवीत मी तो मराठीत म्हणू लागलो.

"अण्णाजी, बोट तं वरच्याच ओळीवर हाये, अन् कापूस पार रेल्वेत चढला."

"इंग्रजी आटोपशीर असते," मी म्हणालो आणि वैशालीस हाक मारली. "निर्णय झाला. विंडोज पुसून टाक."

ती आली, पडद्याकडे पाहिले आणि पदराने तोंड झाकले. "मामाजी, हे इंग्रजी नाई. तुमचा जुना मराठी फॉन्ट लिनक्समध्ये नाई, म्हणून त्याच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसून राह्यली. तुमची मराठीच हाये ही."

गुलाबराव पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "म्हंजे अण्णाजीले सोताचीच मराठी वाचता नाई आली."

आता माझ्या संगणकावर लिनक्स आहे. वैशालीने ग्रंथ कोणत्याही संगणकावर दिसेल अशा युनिकोडात बदलून दिला. आणि वाचनालयात कोणी इंग्रजी कागद पुढे केला, की मला इंग्रजी येत नाही, हे मी आधीच सांगतो.