पांढुर्ण्याचा कापूस, बोरगावच्या काकू आणि माझं उन्हातलं शहाणपण

सकाळी सहाला उठून कोवळ्या उन्हात फोटो कुणीही काढेल, हिंमत असेल तर दुपारी बाराला काढून दाखवा! असं मी आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं आणि खाली भर उन्हात फोटो काढायच्या नऊ युक्त्याही टाकल्या. आमच्या ग्रुपमध्ये बारा ते तीन कॅमेरा पिशवीतच ठेवायचा असा अलिखित नियम आहे. मला तो पहिल्यापासून पटत नाही. त्याच रात्री प्रवीणचा मेसेज आला. हा पांढुर्ण्यात मास्तर, ग्रुपमधला शांत मेंबर.

"ताई, तुमाले इतकं येते तर माह्या आईचा एक फोटो काढून द्या. दुपारीच काढा लागन, बाकी टाइम तिचे हात रिकामे नसते."

त्याच्या आईची बोरगावजवळ संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. रस्त्यावर लावायला मोठी पाटी छापायची होती आणि त्यावर आईचा फोटो हवा होता. आईने मात्र अट घातली होती: फोटोत मी दिसली तर छापजा, नाही तर बाकीच्यांसारखं संत्रं छापजा. पाटी सोमवारी छापायला जाणार होती. मी लगेच "येते" म्हणून कळवलं. त्यात काय एवढं?

शनिवारी सकाळी मी आणि माझी मैत्रीण शुभांगी नागपूरहून रेल्वेने निघालो. शुभांगी फक्त मोबाइलवर फोटो काढते आणि माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेला "सिलिंडर" म्हणते. साधारण दोन तासांत पांढुर्णा येतं. तिकीट नाश्त्याहून स्वस्त आहे, पण डिसेंबरात गाडीला गर्दी असते, म्हणून लवकर जाऊन खिडकी पकडा. उतरल्यावर स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी, की शुभांगी दोन ग्लास पाणी प्यायली आणि तरीही तिने दुसरी प्लेट मागितली.

प्रवीण आम्हाला थेट कापसाच्या बाजारात घेऊन गेला. कापसाने भरलेले ट्रॅक्टर, पांढरेशुभ्र ढीग आणि डोक्यावर बाराचं ऊन. मी हरखून धडाधड पन्नासेक फोटो काढले. एका पागोटेवाल्या काकांनी मागून स्क्रीनमध्ये डोकावलं.

"अवो बाई, माहा कापूस असा मळकट कावून दाखवून राहिल्या? भाव पाडता का?"

शुभांगी खो-खो हसत सुटली. काकांचं बरोबर होतं. इतकं पांढरं समोर आलं की कॅमेरा बिचकतो आणि उजेड कमी करतो, मग कापूस राखाडी येतो. अशा वेळी आपण हाताने उजेड वाढवायचा. मी तो वाढवून नवा फोटो काढला आणि काकांना दाखवला. "हां, आता कसं!" असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरवर चढून पोजही दिली. ढिगावर आपटून येणाऱ्या उजेडामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एकही काळी सावली नव्हती. कापसाच्या ढिगासारखा रिफ्लेक्टर दुकानात मिळत नाही, फुकटात मिळाला तर सोडू नका. आणखी एक सांगते, उन्हात स्क्रीनवर काही धड दिसत नाही. ओढणी डोक्यावरून घ्या आणि तिच्या आत कॅमेरा धरून बघा. लोक हसतात, हसू द्या.

मुक्काम स्टेशनजवळच्या एका लॉजवर केला. खोली साधी होती पण स्वच्छ, आणि गरम पाणी बादलीने मिळालं. संध्याकाळी चहा पिताना प्रवीणने आईच्या अटीमागची गोष्ट सांगितली. त्याच्या लग्नात अल्बमवाल्याने आईचा चेहरा इतका गोरा केला, की पुढे प्रवीणच्याच लेकीने अल्बममध्ये बोट ठेवून विचारलं, "हे आजी कोणाची?" तेव्हापासून आईने कॅमेऱ्यासमोर यायचंच सोडलं होतं. पाटीसाठी ती पहिल्यांदाच हो म्हणाली होती.

"ताई, मी लय गळ घातली तिले. आता बिघडला तर पुन्हा नाही बसणार ते."

"बिनधास्त राहा," मी म्हणाले.

रविवारी सकाळी प्रवीणबरोबर सौंसरची बस पकडली. इकडे मध्य प्रदेशात खाजगी गाड्याच चालतात. त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत, पण तिकीट शंभरच्या आत आणि दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. सौंसरहून ऑटोने बोरगावच्या बाजूला गेलो. नर्सरी रस्त्यापासून थोडी आत आहे.

प्रवीणच्या आई, वत्सलाकाकू, साठीच्या आसपासच्या असतील. बारीक अंगाच्या, काळ्याभोर आणि तोंडाने फटकळ. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला खाच पाडून त्यात संत्र्याचा डोळा बसवत होत्या आणि पट्टीने आवळत होत्या. एक रोप हातावेगळं करायला त्यांना मिनिटही लागत नव्हतं. आम्हाला बघून म्हणाल्या, "आल्या का नागपूरवाल्या? बसा. एवढी रांग होऊ द्या."

बारा वाजता त्या तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून आल्या. मी सगळी अक्कल पणाला लावली. नर्सरीवरच्या हिरव्या जाळीखाली चेहरा हिरवट येतो म्हणून त्यांना बाहेर झाडाच्या सावलीत आणलं, सूर्याकडे पाठ करून बसवलं आणि शुभांगीच्या हातात पांढरी चादर दिली. डोळे मिटायला लावले आणि तीन म्हटल्यावर उघडायला सांगितले, म्हणजे डोळे बारीक होत नाहीत. दहा-बारा फोटो काढले आणि ऐटीत दाखवले.

काकूंनी कॅमेरा जवळ घेतला. त्यांचा चेहरा पडला.

"हे कोण व्हय?"

"तुम्हीच की, काकू."

"माहं तोंड मले मालूम नाही का? तुमीबी त्या अल्बमवाल्यातल्याच!" त्या उठल्या. "प्रवीण, संत्रं छाप."

मला इतकी शरम वाटली, की मी उन्हाला, चादरीला, सगळ्यांना दोष द्यायला लागले. शुभांगीने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "उजेड तू वाढवलास. ऊन कशाला बदनाम करतेस?"

खरं होतं. कालचं सेटिंग चुकून राहिलं असतं तर एक वेळ समजू शकले असते. पण मी ते पाहून, मुद्दाम आणखी वाढवलं होतं, कारण समोरचा चेहरा काळा होता. माझा हात सवयीनेच तिकडे गेला. खरं तर काळा रंग समोर आला की कॅमेरा स्वतःच जास्त उजेड घेतो, तिथे तो कमी करायचा असतो. हे मला पुरतं माहीत होतं. कापसासाठी आठवलं, माणसासाठी नाही!

काकू लुगडं बदलून तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, मांडवाखाली पुन्हा कामाला बसल्या होत्या. मी जाऊन जमिनीवर बसले.

"काकू, चूक माझी झाली. तुम्ही काम करा, मी फक्त बसते. नाही आवडलं तर तुमच्यासमोर पुसून टाकीन."

"बसा बाप्पा. जागेचे का पैसे लागते?"

चादर नको, पोज नको. बाहेरच्या तापलेल्या मातीवरून मांडवात जो उजेड येत होता तेवढाच घेतला आणि कॅमेऱ्यातला उजेड खाली आणला. अर्धा तास मी बटण दाबलंच नाही. मग प्रवीण पाणी घेऊन येताना रोपाच्या पिशवीवर पाय देणार, तोच काकूंनी मान वर करून डोळे वटारले. मी तेवढा एकच फोटो काढला.

काकूंनी तो फार वेळ पाहिला. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा नाकापासचा तीळ दिसला."

"नको असेल तर..."

"हात लावजा नका! माह्या मायलेबी तिथंच होता." त्यांनी पदराने स्क्रीन पुसली आणि पुन्हा पाहिलं. "प्रवीण, हाच छाप. आन मोठा छाप."

मग भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आली. इतकी जेवले, की परतीच्या बसमध्ये नागपूरपर्यंत झोपले. पाटी आता लागली आहे. सौंसरकडे गेलात तर दिसेल, तीळ सांभाळून ठेवलेला आहे.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. माझी मुलगी रेवा अठरा वर्षांची आहे आणि रंगाने थेट काकूंसारखी. लॅपटॉपवर तिचे सगळे फोटो उघडले. पहिल्या वाढदिवसापासून एकूण एक फोटोत मी तिला उजळवलेलं होतं. गेली दोन वर्षं ती माझ्या कॅमेऱ्यासमोर येत नाही आणि मी ते वयावर ढकलत होते. तिला बोलावून काकूंचे दोन्ही फोटो दाखवले आणि सरळ विचारलं, तू फोटो का काढू देत नाहीस?

"तू आधी माझा फोटो काढतेस," ती म्हणाली, "आणि मग मला दुरुस्त करतेस."

मला रडू कोसळलं. मी तिची माफी मागितली. ती "बघू" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता ती न बोलावता गच्चीवर आली आणि केसही न विंचरता उन्हात उभी राहिली. चौदा फोटो काढले. ते काढले तसेच आहेत.