सरपंचांचा बाइट

महाराष्ट्रातून कुणी बाई दिल्लीत पुरस्कार घ्यायला आली की माइकसमोर पहिला येतो तो तिचा नवरा. मराठी चॅनेलसाठी इथं बातमीदारी करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नुसता कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला तरी माझं डोकं तापतं.

त्या दिवशीही तेच. सोलापूरकडच्या एका सरपंचबाईंना गावच्या पाणीयोजनेसाठी पुरस्कार मिळाला होता. मयूर विहारहून मेट्रोनं मी हॉलवर पोचले, तर बाई ट्रॉफी छातीशी धरून भिंतीला टेकलेल्या आणि त्यांचे साहेब माझीच वाट बघत. "नमस्कार मॅडम! आमच्या मिसेसला बोलायची सवय नाही. मीच सांगतो सगळं. गाव टीव्हीसमोर बसलंय!"

मी मुंबईच्या डेस्कला फोन लावला. तिकडचा शिफ्टवाला म्हणाला, "अगं, जो बोलतो त्याचा बाइट घे ना. लाइव्हला बाई गप्प बसली तर बुलेटिनची वाट लागेल."

"लागली तर माझ्या नावावर टाक," मी म्हटलं. "खाली पट्टीवर 'सरपंच' आणि वर चेहरा नवऱ्याचा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

तोंडानं बोलले खरी, पण आतून धाकधूक होतीच. अख्ख्या गावासमोर बाईंची फजिती झाली असती, तर ते पाप माझ्या माथी आलं असतं.

"दादा, तुम्ही जरा कॅमेऱ्याच्या मागे या," मी साहेबांना सांगितलं. आमचा कॅमेरामन मेरठचा. हसू दाबत म्हणाला, "बिल्कुल, भाईसाहब, इधर आइए." साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आले.

लाइव्ह सुरू झालं. "ताई, हे काम कसं जमवलंत?" मी विचारलं. बाईंनी ट्रॉफी आणखी घट्ट धरली. कॅमेऱ्यामागून साहेब ओठ हलवून सांगायला लागले, 'सर्वांच्या सहकार्यानं...' बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माइक त्यांच्यासमोरून हलवला नाही.

आणि बाई सुटल्या की हो! टाकी कुठं गळत होती, कुठल्या गल्लीत पाणी चढत नव्हतं, पाइप रानातून न्यायला कोण आडवा आला आणि त्याच्या बायकोला हाताशी धरून त्याला कसं वळवलं, सगळं घडाघडा. कानात डेस्कवाला 'चालू दे, चालू दे' म्हणत होता. आता म्हणतोय, शहाणा! मला तर तिथंच बाईंना मिठी मारावीशी वाटत होती.

शेवटी विचारलं, "गावाला काय सांगाल?"

बाईंनी पदर सारखा केला आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. "सोमवारी ग्रामसभा हाय. समद्या बायांनी यायचं. आजवर माज्या खुर्चीत हे बसत व्हते. या बारीला मी बसनार हाय."

लाइव्ह संपलं. साहेबांचा चेहरा उतरलेला. बाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात साहेबांच्या खिशातला मोबाइल वाजला. गावाकडचा फोन होता. त्यांनी कानाला लावला आणि मग बायकोपुढे धरला.

"घे. सरपंचांना द्या म्हणत्यात."