रिकामी ढाल

पेन्सिलला टोक काढल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. कोविडमध्ये विमानं बंद झाली तेव्हा बाबा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, इकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला आमच्याकडे अडकले. त्याच्या थोडं आधी आम्ही त्यांना माल्टाला नेलं होतं. तिथे व्हॅलेटा शहराच्या तटबंदीत जुन्या इमारतींच्या दारांवर सरदारांच्या ढाली दगडात कोरल्या आहेत, सिंह, गरुड, मुकुट असलेल्या. लॉकडाऊनभर बाबा किचनच्या टेबलावर फोटो बघून त्या ढाली रेखाटत बसायचे. आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्यावर त्यांचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. बाबांनी घरात कोट घातला. मग प्रास्ताविक झालं, दीपप्रज्वलनाचा व्हिडिओ झाला, अध्यक्षांचं लांबलचक मनोगत झालं, प्रायोजकाचा सत्कारही झाला, आणि बाबांना जेमतेम काही मिनिटं उरली. "ही शेवटची ढाल," चित्र कॅमेऱ्यासमोर धरत ते म्हणाले, "फ्रेंचांनी शहर घेतलं तेव्हा हिच्यावरचं सगळं छिन्नीने उडवलं, पण..." तेवढ्यात अध्यक्षांनी त्यांना म्यूट केलं. "काका, एकदम ग्रँड. वेळेअभावी इथेच थांबूया." लगेच आभार सुरू झाले, व्हिडिओ बनवणाऱ्यापासून सगळ्यांचे. बाबा चित्र तसंच धरून बसले होते. मी अध्यक्षांना फोन करून तोंडाला येईल ते बोललो, तर म्हणे, "एवढं काय मनावर घेतोस, रेकॉर्डिंग पाठवतो ना." ती रिकामी ढाल आता माझ्या भिंतीवर आहे. त्या 'पण'च्या पुढे काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. विचारलं की बाबा म्हणायचे, "राहू दे रे, वेळ संपली."