भाव मोठ्यानं सांगणारे दानियेलबाबा

दानियेलबाबा आणि त्यांची बायको मार्थाबाई, ही दोन नावं आधी लिहितो. काय घडलं ते मागाहून. या दोघांनी मला सावरलं नसतं तर आज मी अकोल्याच्या बाजारात उभा नसतो, आणि नगरकडे माझ्या आईला दाखवायला मला तोंड उरलं नसतं. त्यांतले बाबा गेले. महिना होत आला. अमरावतीहून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं, "तुमचे ते दलालबाबा गेले जी. रविवारी उपासनेहून आले, जेवले, हसले अन् भिंतीले टेकले ते टेकलेच." हसले का, असं मी त्याला पुन्हा विचारलं. "हसले ना. मार्थामावशीच सांगून राहिली होती." मग मला रडू आलं, आणि रडता रडता हसूही... बाबा दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं गेले असते तर मला ते खरं वाटलं नसतं.

मी शाळा अर्ध्यात सोडून वऱ्हाडात आलो तो कापसाच्या तेजीत. अमेरिकेत लढाई पेटल्यामुळे विलायतेला इकडचाच कापूस हवा झाला होता. अमरावतीत बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकत होत्या आणि रोज नवी माणसं कामाला येऊन पडत होती. मी त्यांतलाच एक. ओळखीचं कुणी नाही, म्हणून रविवारी ख्रिस्ती मंडळी जिथं जमत तो ओटा विचारत गेलो. मागच्या बाजूला एक धिप्पाड गृहस्थ उपदेश चालू असताना खुशाल घोरत होते. शेवटच्या प्रार्थनेला मात्र त्यांचं 'आमेन' सर्वांत मोठं. बाहेर पडताना माझी बोली ऐकून म्हणाले, "तुमच्याकडं 'मला' म्हणते, आमच्याकडं 'मले'. भूक दोहीकडं सारखीच लागते. चाल घरी." असा मी त्यांच्या घरचा झालो.

बाबा अंजनगाव सुर्जीकडचे, शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, तरुणपणीच दलालीत शिरलेले. ज्यांना हा बाजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाचा भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा व्यापारी आणि शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या, हे दोघं उपरण्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवत. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला अडत्या मागाहून जो आकडा सांगेल तोच त्याचा भाव. बोटांनी एक ठरलं आणि तोंडानं कमी सांगितलं, तर मधलं अडत्याचं. बाबा स्वतःच सांगत की बाप्तिस्म्याआधी या कलेत ते कुणाला हार जात नव्हते. ख्रिस्ती झाल्यावर मंडळीतल्या काहींनी त्यांना बाजारच सोडायला सांगितलं. बाबा म्हणाले, "सोडीनबी. पण पाप काय बाजारातच बसून रायते का? ते तं माह्या मागं घरी येईन." त्यांनी बाजार सोडला नाही, उपरणंही सोडलं नाही. फक्त हात बाहेर काढला की ते शेतकऱ्याकडे वळत आणि ठरलेला भाव घेणाऱ्याच्या देखत, चार गाड्यांपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत. बाकीचे दलाल त्यांना 'दवंडीवाला' म्हणत. बाबांना ते नाव फार आवडे.

मला एका अडतदुकानी काम मिळालं होतं. एका संध्याकाळी शेठजींनी मला जवळ बसवलं. सकाळी हिवरखेडची गाडी येणार होती. सौद्याला हात माझा राहील, आणि शेतकऱ्याला किती कमी सांगायचं तेही त्यांनी सांगितलं. "जमत नसलं तर दुसरा पाहतो," एवढंच वर म्हणाले. माझ्याकडे शिक्षण नाही, गाव लांब, आई माझ्याच पैशांवर. प्रार्थना केली, पण जीव थाऱ्यावर येईना. उजाडताच बाबांकडे गेलो. ते बैलाला पाणी पाजत होते.

"बाबा, काय करू?"

"काय करा लागते, तुले ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मंग मले काहून इचारून राहिला?"

"भीती वाटते."

बाबांनी बादली खाली ठेवली. "हां, आता खरं बोलला. शहाणपण देवाजवळ हाये, ते तुले देल्लंबी त्यानं. भीती रायली. तं भ्यावं, पण एकाले भ्यावं, देवाले. देवालेबी भ्यायचं, शेठालेबी भ्यायचं, एवढं भ्यायले येळ कुठून आणशीन?" आतून मार्थाबाई म्हणाल्या, "पोराले उपाशी शहाणं करू नका. भाकर खाऊ द्या."

सौदा झाला. हात बाहेर काढला तर पाहतो, बाबा समोरच्या गाडीला टेकून उभे. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, मिशी पिळत होते. शेतकरी म्हणाला, "काय ठरलं, भाऊ?" शेजारी त्याची बायको चिंध्यांच्या गाठोड्यावर बसली होती, तिनंही मान वर केली. मी खरा भाव सांगितला. पण भीतीनं आवाज असा काही फुटला की जवळच कापसाच्या बोजाला बांधलेला बैल उधळला आणि त्यानं शेठजींच्या गादीपर्यंत तो कापूस ओढत नेला. सगळा बाजार हसला. शेठजी तेवढे हसले नाहीत. दुपारपर्यंत माझं काम गेलं.

बाबा हसून हसून खाली बसले. "माह्यापेक्षा मोठा दवंडीवाला निघाला रे!" घरी नेलं. मार्थाबाईंनी चेहरा पाहिला. "काढलं ना? बरं झालं. हात धुऊन घ्या." पुढं बाबा स्वतः कापसाच्या गाडीवर बसून माझ्याबरोबर अकोल्याला आले, वाटभर भजनं म्हणत, निम्मी चुकीच्या चालीत. इथल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला म्हणाले, "याले खोटं बोलता येत नाही. बाकी काय येते ते तुमी पाहा." त्या शिफारशीवर मी अजून कामावर आहे.

पुढं लढाई संपली, भाव कोसळले, कितीक दुकानं बसली. माझ्या जुन्या शेठजींचं बसलं नाही, उलट वाढलं. मी हे जरा कुरकुरत बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग? त्यायचं बुडावं म्हणून तू खरं बोलला होता का?" त्यांनी माझ्या पानात आणखी एक मिरची वाढली.

बातमी कळल्यावर अमरावतीला जाऊन आलो. मार्थाबाई ओट्यावर होत्या. त्यांना वाचता येत नाही. दिवेलागणीला बाबा त्यांना पवित्र शास्त्रातला एक भाग वाचून दाखवत, आणि ते पुस्तक बाबांच्या चष्म्यासकट कोनाड्यात तसंच होतं. "वाच बरं," त्या म्हणाल्या. मी अडखळत वाचू लागलो, अक्षरावर बोट ठेवून. थोड्या वेळानं त्या हसल्या. "तू हळू वाचते, बरं वाटते. ते असे पळवत का मले अर्धं कळेच नाही. अन् इचारलं तं म्हणत, मलेबी नाही कळलं, पुढं पाहू." बाबांनी खुणेची काडी ठेवली होती तिथून पुढं आम्ही दोन पानं गेलो. मग मी काडी नव्या जागी ठेवली.

बाजार बंद असेल तेव्हा अकोल्याहून येत जाईन आणि पुस्तक संपेपर्यंत वाचीन, असं त्यांना सांगून आलो आहे. बाबांचं ऋण एवढ्यानं फिटत नाही, हे मला कळतं. पण देवाघरी आमची भेट व्हायची आहे, यावर त्यांचा विश्वास होता आणि माझाही आहे. बाबा, एक दिवस फेडीन. तोवर मावशींना वाचून दाखवतो. जे कळणार नाही ते लक्षात ठेवीन, आणि भेटलो की दोघं मिळून देवालाच विचारू.