एकटीचा कान

आमच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र तोंड फिरवून टांगलेलं आहे. पाहुण्यांना मागचा पुठ्ठा तेवढा दिसतो. कुणी चौकशी केलीच तर मी चहा टाकायला उठते. त्या प्रमाणपत्रावर माझं नाव आहे, यांचं नाव आहे आणि 'एकाहून अधिक चालक, प्रथम क्रमांक' असं लिहिलं आहे. त्या गटात त्या वर्षी दुसरं कुणी नव्हतंच. म्हणजे पहिली मी, शेवटचीही मी, आणि वर यांना उगाच जोडीला बसवलेलं. हे फेकून का देत नाही, असं मुली विचारतात. फेकलं तर राग विसरायला होईल, म्हणून फेकत नाही.

हा उपकार ज्याने केला, त्याला शहरातले सगळे हॅम मामा म्हणायचे. मूळचा करमाडचा, घरी जमीन, पण क्रांती चौकाच्या मागे त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. तोंडावर मी त्याला जन्मभर अहो-जाहो केलं. कागदावर 'तो' म्हणणार आहे, तेवढी तरी मोकळीक मला असू द्या.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि घरातून वायरलेसवर जगाशी बोलायचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही सगळे मिळून सातआठ जण होतो. त्यात बाई मी एकटी. माझी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. दिवसभर कानाला हेडफोन. तोंडात पान ठेवून बोलणारे व्यापारी, बाळंतपणाची बातमी देताना रडणाऱ्या म्हाताऱ्या, मागे वाजणाऱ्या बँडसकट लग्नघरं, या सगळ्यांचे नंबर मी एका दमात ऐकले आणि चिठ्ठीवर बरोबर लिहिले. मग घरोघर थेट फोन लागायला लागला, बोर्ड बंद झाला आणि मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथे लोक काचेतून ओरडूनच बोलत. कान असलेल्या बाईला तिथे काही काम नव्हतं. म्हणून मी रेडिओकडे वळले, आणि हे कबूल केलंच पाहिजे, की मला वळवलं मामानेच. दोन वर्षं मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून कॉइल गुंडाळायला शिकले. त्याचा एकच नियम होता. वेढे मोजत असताना बोलायचं नाही, आणि त्याने मोजायला घेतले तर आपणही बोलायचं नाही.

दर डिसेंबरात एका रविवारी व्हीएचएफची स्पर्धा असे. व्हीएचएफ म्हणजे अशा लहरी, ज्या साधारण सरळ रेषेत जातात. डोंगरावरून डोंगर दिसला तर बोलणं होतं, मध्ये काही आडवं आलं की बहुतेक गप्प. म्हणून जो तो आपापली टेकडी गाठायचा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, जितक्या जणांशी बोलाल तितके गुण. बोलायचं म्हणजे गप्पा नाहीत. मी माझा क्रमांक, म्हणजे हा माझा कितवा संपर्क ते सांगायचं, तू तुझा सांगायचा, दोघांनी आपापल्या वहीत लिहायचा. नंतर सगळ्यांच्या वह्या परीक्षकांकडे पोस्टाने जात आणि एकमेकींशी ताडून बघितल्या जात.

माझी पहिली स्पर्धा शहराच्या दक्षिणेला असलेल्या सातारा डोंगरावरची. हे बरोबर आले होते, कारण अँटेना माझ्या उंचीहून लांब आणि स्कूटर यांची. यांना घरच्या रेडिओवर बातम्या लावता येत नाहीत, तर वायरलेस कुठून येणार! वाऱ्याने वहीची पानं उडत होती म्हणून हे वही धरून बसले. दुपारी मी जालन्याशी बोलत होते, माइकचं बटण दाबलेलं होतं, आणि यांनी वहीत बघून आपलं सहज विचारलं, "आता एकवीस ना गं?"

एवढंच. एकवीस ना गं. पण ते हवेत गेलं, आणि म्हैसमाळच्या डोंगरावर बसलेल्या मामाच्या कानात पडलं.

मी एकट्याच्या गटात नाव दिलं होतं. महिन्याभराने परीक्षकांचं पत्र आलं, की आपल्याला मदतनीस असल्याची तक्रार आहे, म्हणून आपला गट बदलण्यात येत आहे. मग ते प्रमाणपत्र आलं. मी ते तसंच घेऊन मामाच्या दुकानात गेले.

"मामा, तक्रार तुम्ही केली?"

"व्हय, म्या लिव्हलं," तो म्हणाला. लाज नाही, काही नाही. "नियम हाय ताई. येकट्यानं म्हंजी येकट्यानं."

"अहो, ते नुसते वही धरून बसले होते."

"आता आम्हाला काय म्हाईत? बोलनाऱ्या तुमी, आन् कान मालकाचा आसंल. लोकं इचारतेत."

लोक विचारतात! दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. बावीस वर्षं मी कानावर पोट भरलं, आणि हा माणूस माझा कान माझ्या नवऱ्याच्या डोक्याला लावून मोकळा झाला. त्या क्षणी मला त्याच्या अंगावर वार्निशचा डबा ओतावासा वाटला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट वाढला.

ते वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी आम्ही सगळे हवेत एकत्र यायचो, एकेकाची हजेरी व्हायची. त्याचा आवाज आला की मी 'सिग्नल उत्तम' एवढं म्हणायची आणि पुढच्याला हाक मारायची. तोही तेवढंच म्हणायचा. बाकीच्यांना मजा वाटत होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. पुढच्या डिसेंबरात एकटीने जायचं, एकट्याच्या गटात पहिलं यायचं आणि ते प्रमाणपत्र त्याच्या दुकानातल्या देवाच्या फोटोशेजारी नेऊन ठेवायचं.

दुसऱ्या वर्षी मी यांना डोंगराच्या पायथ्याशीच थांबवलं. हे म्हणाले, "थर्मास तरी वर आणून देतो." मी नाही म्हणाले. "बरोबर आहे," हे म्हणाले, "माझा श्वास ऐकू गेला तर दंड व्हायचा." आणि स्कूटरला टेकून पेपर उघडला. मला वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. बॅटरी, रेडिओची पेटी आणि अँटेना घेऊन मी तीन खेपांत वर चढले. गुडघ्यांनी त्याची आठवण पुढे आठवडाभर ठेवली.

दिवस उत्तम गेला. वहीवर चार बाजूंनी दगड ठेवले होते. जालना, बीड, नगरकडचे डोंगर, लासूर स्टेशनजवळ गाडी लावून बसलेला एक कॉलेजातला मुलगा, सगळे एकेक करून वहीत आले. पण या स्पर्धेत एक मेख असते. पृथ्वीचे नकाशावर चौकोन पाडलेले असतात, आणि जितक्या वेगवेगळ्या चौकोनांतल्या लोकांशी बोलाल तितक्या पटीने गुण वाढतात. वीस अक्षांशाची रेघ आमच्या शहराच्या वर, खुलताबादच्या अगदी जवळून जाते. शहर रेघेच्या खाली, म्हैसमाळ वर. वरच्या चौकोनात त्या दिवशी एकच माणूस बसला होता, आणि तो कोण हे सांगायला नको.

सकाळपासून तो हाका मारत होता. आवाज असा खणखणीत, की शेजारी बसल्यासारखा. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, याची गरज पडायलाच नको. दुपारी दोनला हिशेब केला तर गरज होती. तीनला पुन्हा केला, तरी होती. चारला माझी बॅटरी उतरायला लागली. शेवटी पाचला सात मिनिटं कमी असताना मी अँटेना म्हैसमाळकडे फिरवली आणि त्याला हाक मारली. तोंडात कडू कारलं धरावं तसं झालं होतं.

त्याने लगेच ओळखलं. मी माझा क्रमांक सांगितला, एकतीस. तो म्हणाला, पुन्हा. मी पुन्हा सांगितला. तो म्हणाला, पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चिरकला. मग त्याने त्याचा क्रमांक सावकाश, एकेक आकडा सुटा करून दिला, लहान पोराला देतात तसा. मला त्याची काही गरज नव्हती, मी पहिल्यांदाच लिहिला होता. झालं होतं सगळं. पण जाता जाता तो बोललाच.

"आज मालक न्हाईत वाटतं."

सगळ्या डोंगरांनी ते ऐकलं. मी पेटी बंद केली आणि खाली उतरले. हे पेपर घडी करत म्हणाले, "कसं झालं?" मी म्हटलं, "चला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून मी वहीची पक्की प्रत करायला घेतली. तीस नोंदी सुरेख अक्षरात उतरवल्या. एकतिसावी उरली. स्पर्धेचा नियम मला पाठ होता. ज्याची नोंद समोरच्याच्या वहीत सापडत नाही, त्याचा तो संपर्क बाद, आणि वर दंड म्हणून आणखी दोन बाद. मी त्याला लिहिलं नाही, तर त्याच्या एकूण तीन नोंदी जाणार होत्या. ती नोंद शेवटची होती, त्यामुळे माझ्या क्रमांकांत भोकही दिसणार नव्हतं. नुकसान माझंही होतं. एक अख्खा चौकोन जाणार होता. पण तीस संपर्क आणि चार चौकोन यांच्यावरही मी पहिली येईन, असा माझा अंदाज होता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते मी शाईच्या पेनने, शुद्ध अक्षरात केलं. त्यावेळी मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू! खाली 'वरील नोंदी खऱ्या व पूर्ण आहेत' असं छापलेलं होतं. त्याखाली सही केली आणि पाकीट यांच्याकडे टाकायला दिलं.

निकाल फेब्रुवारीत आला. मी दुसरी. पहिला तो लासूरचा कॉलेजातला मुलगा. मामाचं नाव मी वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं. ते यादीत नव्हतंच. अगदी तळाला एक ओळ होती, 'खालील स्पर्धकाने आपली वही केवळ इतरांच्या तपासणीसाठी पाठवली आहे', आणि तिथे त्याचं एकट्याचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव. त्याने भागच घेतला नव्हता. दिवसभर उन्हात बसून फक्त लोकांच्या नोंदी पक्क्या केल्या होत्या. अपशकुन त्याला झालाच नव्हता, नाक तेवढं माझं गेलं होतं. माझ्या निकालाला परीक्षकांनी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी जोडली होती. वरच्या चौकोनातल्या केंद्राच्या वहीत आपली एकतीस क्रमांकाची नोंद स्वच्छ आहे, आपल्या वहीत ती आढळली नाही. ती असती तर आपण प्रथम आला असतात. यापुढे प्रत करताना काळजी घ्यावी.

मी ती चिठ्ठी पर्समध्ये घालून क्रांती चौकात गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. भांडायला, असंच मी स्वतःला सांगितलं होतं.

तो वेढे मोजत होता. मी उभी राहिले. मोजणं संपेपर्यंत त्याने वर बघितलं नाही, आणि मीही बोलले नाही, इतकं त्याने मला शिकवलं होतं.

"मामा, वही तपासणीला का पाठवली?"

"जेची तक्रार केली, तेच्या इरुद्द खेळू नाय मानसानं," तो म्हणाला. तारेचं टोक कापलं. "तुमचा आवाज लई बारीक येत हुता. नंबर चुकला आसता तर तुमचा चौकोन गेला आसता. म्हनून तीनदा इचारलं."

त्याने चष्मा काढून पुसला.

"मला बी आलं त्यांचं पत्र. तुमच्या वहीत म्या नाय म्हनं. काहून?"

"राहून गेला," मी म्हटलं.

"शेवटचा हुता ना म्या? शेवटचा कसा ऱ्हाईल?"

खाई त्याला खवखवे, मी पर्सचा बंद उगाच उघडझाप करत राहिले. दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, कुणी हसलं नाही. त्याने दुसरी कॉइल उचलली, पहिला वेढा घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वही मालकानं लिव्हली आसती, तर म्या ऱ्हायलो नसतो."

मग तो मोजायला लागला, आणि मोजताना बोलायचं नसतं.

घरी आले तेव्हा यांनी विचारलं, "काय म्हणाले मामा?" मी म्हटलं, काही नाही. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. आणि तो काय म्हणाला, ते यांना अजून सांगितलेलं नाही.